सोळा आण्यांतले दहा आणे

मी आज ज्या कामाचा पगार घेतो, ते काम मला ताडकळसच्या एका मोटार वाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीनं शिकवलं. पदविका नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनाची, नोकरी पुण्याजवळच्या कारखान्यांतल्या पंपांची आणि नळांची. पण पंपानं ढकललेलं पाणी कुठल्या फाट्याला किती जाऊ द्यायचं, हे ठरवायची रीत त्यांची. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, आम्ही पोरं चाचा म्हणायचो. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं तर एका चकतीविषयीच लिहावं लागतं, कारण माझं त्यांच्याशी जे नातं जडलं ते तिच्यामुळं.

ताडकळस हे परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा तालुक्यातलं बाजाराचं गाव. दक्षिणेकडून गोदावरी वाहते, उत्तरेकडून पूर्णा. मधली सगळी काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. कापूस, तूर, सोयाबीन, आणि रब्बीला ज्वारी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'परभणी मोती' आमच्याकडं घरोघर पेरली जाते. पाणी विहिरीचं. विहिरीवर मोटार आली, मोटारीबरोबर स्टार्टर आला आणि स्टार्टरबरोबर मोटार जळणंही आलं. हंगामात चाचांच्या दुकानापुढं जळालेल्या मोटारी ओळीनं मांडलेल्या असायच्या. वार्निशचा वास आख्ख्या रस्त्याला यायचा.

बाकीचे वाइंडिंगवाले मोटार भरून देत, पैसे घेत आणि पुढच्या मोटारीला हात घालत. चाचा आधी विचारायचे, "जळाली काहून?" शेतकरी म्हणायचा, लाइट डिम होती, फेज गेला होता. ते कारण बहुतेक वेळा खरंही असायचं. पण चाचा तेवढ्यावर थांबत नसत. पाइप किती इंची, किती लांब, पाणी कुठं पडतं, पडतं ती जागा विहिरीच्या वर आहे की खाली, हे सगळं विचारून ते उर्दूत एका लांबट वहीत लिहून ठेवत. त्यांचं शालेय शिक्षण निजामाच्या काळात सुरू झालेल्या उर्दू शाळेत झालेलं, तेही चार-पाच इयत्तांपुरतं. पुढचं शिक्षण परळीला. परळी वैजनाथचं औष्णिक वीज केंद्र 1971 साली सुरू झालं. त्याच्या उभारणीच्या काळात ते एका ठेकेदाराकडं फिटर होते.

तिथं त्यांनी बॉयलरला पाणी पुरवणारा पंप पाहिला. एवढ्या दाबाच्या पंपातून पाणी अगदीच कमी वाहू दिलं तर आतलं पाणी तापून पंप बिघडतो. म्हणून थोडं पाणी एका बाजूच्या नळीतून सतत टाकीत परत सोडतात. पंपाचा दाब प्रचंड, टाकीचा दाब त्यामानानं काहीच नाही. मधल्या नळीत अडसर ठेवला नाही तर सगळं पाणी तिथूनच पळेल. तो अडसर म्हणजे भोकं पाडलेल्या जाड चकत्या, एकीमागं एक. चाचांनी त्या स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या. अशी चकती किती भोकाची करायची हे तिथल्या एका इंजिनिअरसाहेबांनी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्या साहेबांचं नाव चाचा आदरानं घ्यायचे, आणि घेताना दरवेळी कानाच्या पाळीला हात लावायचे. ऋणाची पावती अशी देतात हे मी तिथं पाहिलं.

आमच्या घरचं प्रकरण चाचांपर्यंत गेलं ते मी तंत्रनिकेतनात असताना. आजोबांच्या विहिरीवर माझे वडील अण्णा आणि काका या दोघांचा हक्क. वाटणीत आमच्या वाट्याला माथ्यावरची सहा एकर आली, काकांना नाल्याकडची चार. मोटार साडेसात एचपीची, सामायिक. विहिरीपासून नाल्यापर्यंत 300 मीटर एकच पाइप, तिथं टी; एक फाटा काकांच्या पाटात पडायचा, दुसरा पुढं 900 मीटर चढून आमच्या आखाड्यापर्यंत यायचा. दोन्ही फाट्यांवर वॉल होते.

दोन्ही वॉल उघडले की काकांच्या पाटात पाणी धो धो पडायचं आणि आमच्याकडं तोटीतून नुसती हवा यायची. त्यात काकांची लबाडी काही नव्हती. त्यांचा पाट टीच्या दोन मीटर खाली, आमचं शेत टीपासून बारा मीटर वर. वर चढायला आणि 900 मीटर पाइपात घासत जायला दाब लागतो. शेजारीच मोकळं तोंड असताना तो दाब टीपाशी तयारच होत नाही. मग काकांचा वॉल थोडा आवळायचा. अण्णा आवळून यायचे, रात्री लाइट आली की काकांचा सालगडी तो पिळून मोकळा करायचा, पहाटे अण्णा पुन्हा जायचे. दोन भावांचं बोलणं त्या वॉलच्या चाकावर तुटत आलं होतं. माय दोन्ही घरांत सणाचं ताट पोचवायची, तेवढाच धागा उरला होता.

पाळी लावा, असं गावानं सुचवलं. एक दिवस तुमचा, एक दिवस त्यांचा. पण लाइटच नेमाची नव्हती, ज्याच्या पाळीला ती गेली त्याचं पीक सुकलं. शिवाय काकांच्या पाळीला आणखी एक गोष्ट घडायची, ती फक्त चाचांना कळली. पुढचा अडसर नाहीसा झाला की पंप ढिला पळतो, नेमून दिलेल्यापेक्षा जास्त पाणी फेकतो. शेतावरच्या पंपात पाणी वाढलं की मोटारीवरचा भारही वाढतो. साडेसात एचपीच्या मोटारीला पूर्ण भाराला साधारण 11 अँपिअर लागतात. चाचांनी काकांचा एकटा वॉल उघडून मीटर लावला, तर काटा तेराच्याही पुढं गेला. लोकांना वाटतं पाणी उंच चढवायचं म्हणून मोटार दमते. या जातीच्या पंपाची मोटार खरी दमते ती पाणी फुकट वाहू लागल्यावर. आमची मोटार वर्षाआड का जळायची याचा उलगडा त्या दिवशी झाला.

"बेटा," चाचा मला म्हणाले, "पाण्याला भाऊबंदकी कळत नाही. त्याला सोपी वाट कळते. काकाची वाट अण्णाच्या वाटेइतकी अवघड करू, म्हणजे झालं. आणि ती अवघड करणारी चीज अशी पाहिजे की तिला चाक नसावं."

नुसतं वॉल आवळून हिशोब जमला असता, हे त्यांनाही माहीत होतं. पण अर्धवट आवळलेला वॉल थरथरतो, त्याचं तोंड झिजतं, आणि मुख्य म्हणजे तो कुणालाही फिरवता येतो. दोन फ्लँजच्या मध्ये दाबून बसवलेली चकती बदलायची तर आठ बोल्ट खोलावे लागतात, आणि ते चोरून करता येत नाही.

मग मोजणी सुरू झाली. ही मोजणी मी त्यांच्याजवळ शिकलो आणि आजही, सगळी साधनं हाताशी असताना, तिच्या क्रमानंच काम करतो. पहिलं म्हणजे कुणाला किती पाणी द्यायचं ते ठरवायचं, आणि ते ठरवणं आपलं काम नाही. चाचांनी दोन्ही भावांना दुकानात समोरासमोर बसवलं. एकराला सेकंदाला एक लिटर, असं दोघांनी कबूल केलं. पंप जितकं देऊ शकतो तितकंच ते भरत होतं: वर सहा, खाली चार. दुसरं, उंची मोजायची. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आम्ही धुऱ्याधुऱ्यानं माथ्यापर्यंत गेलो. तिसरं, पाइपातली घासणूक. ती मी नांदेडच्या पुस्तकातून काढून आणली: 110 मिलिमीटरच्या प्लॅस्टिक पाइपातून सेकंदाला सहा लिटर पाणी जाताना शंभर मीटरला साधारण अर्ध्या मीटरहून थोडा जास्त दाब खर्च होतो, म्हणजे आमच्या 900 मीटरला पाच मीटर. बारा मीटर चढ, पाच मीटर घासणूक, तोंडाशी तीन मीटर दाब हवा. टीपाशी वीस मीटरचा दाब उभा राहिला तरच आम्हाला सहा लिटर मिळणार.

आता काकांची बाजू. टीपाशी वीस मीटर, त्यात दोन मीटरचा उतार, त्यातून त्यांच्या 60 मीटर तुकड्यातली जवळपास एक मीटरची घासणूक वजा. 21 मीटर दाब उरतो, आणि पाटात पडणाऱ्या पाण्याला त्याची काहीच गरज नाही. हा सगळा दाब चकतीत जिरवायचा, तोही नेमकं चार लिटर जात असताना. सगळं गणित एवढंच: किती पाणी, किती दाब मोडायचा, मग भोक केवढं.

त्याचं उत्तर साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. इटलीतल्या टॉरिचेलीनं 1644 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितलं की दाबाखालचं पाणी भोकातून बाहेर पडताना तितक्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूइतका वेग घेतं. डॅनियल बर्नुलीनं 1738 मध्ये दाब आणि वेग यांचा ताळेबंद मांडला. 21 मीटर उंचीचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर. चार लिटर पाणी त्या वेगानं जायला दोन चौरस सेंटिमीटरची वाट पुरते. पण इथं एक अडचण आहे. पाणी चारी बाजूंनी भोकाकडं धावत येतं आणि कडेपाशी एकदम काटकोनात वळू शकत नाही. भोक ओलांडल्यावर त्याची धार आणखी आकसते. म्हणून धारदार कडेच्या भोकातून हिशोबाच्या 61 टक्केच पाणी जातं. आमच्या सरांनी हा गुणांक फळ्यावर लिहिला होता, मी तो पाठही केला होता.

चाचांनी दुकानाच्या दारावर खडूनं लिहिलं: 16, आणि खाली 10. "भोक सोळा आण्यांचं पाड, पाणी दहा आण्यांचंच जाईल." दहा भागिले सोळा म्हणजे 0.625. परळीच्या साहेबांनी त्यांना दशांश चिन्ह शिकवायच्या भानगडीत न पडता आण्यांत समजावलं होतं, कारण आणे चाचांच्या बोटांवर होते. दोन चौरस सेंटिमीटरला दहानं भागून सोळानं गुणलं की तीन पूर्णांक दोन दशांश येतात. त्याचा व्यास वीस मिलिमीटर. काकांच्या फाट्याच्या पंचाहत्तर मिलिमीटरच्या पाइपात वीस मिलिमीटरचं भोक.

मला त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो. नांदेडला मी हे सगळं स्वतंत्र तुकड्यांत शिकलो होतो: पंपाचा आलेख एका विषयात, घासणूक दुसऱ्यात, भोकाचा गुणांक प्रयोगशाळेत. ते सगळं एका विहिरीवर, एका भांडणात, एकत्र उभं राहिलेलं मी प्रथम त्या दारावर पाहिलं. माझ्या शिक्षकांचा यात कमीपणा नाही. त्यांनी दिलेली घासणुकीची कोष्टकं नसती तर आमचं पाऊलही पुढं पडलं नसतं. पण त्या कोष्टकांचा कुणाला काय उपयोग, हे मला चाचांच्या दुकानात कळलं.

चकती परभणीच्या लेथवर करून घेतली, सहा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यातून. चाचा स्वतः लेथपाशी उभे राहिले. ज्या बाजूनं पाणी येणार ती कड अगदी धारदार. नख फिरवलं तर सोलून निघेल अशी. ती गोल झाली तर पाण्याची धार कमी आकसते आणि पाणी जास्त जातं, म्हणजे दहा आण्यांचा हिशोब बुडतो. मागची बाजू तिरकी कापून घेतली, म्हणजे भोकाची खरी जाडी दोन मिलिमीटरपेक्षाही कमी राहिली. भोक आधी एकोणीसचं पाडायला लावलं. "वाढवायला कानस आहे, कमी करायला काय आहे?" असं म्हणाले. त्यामागं आणखी एक कारण होतं. भोक ओलांडल्यावर पाणी पुन्हा पसरतं आणि मोडलेल्या दाबातला थोडा परत मिळतो. आमच्या चकतीत भोकाचं क्षेत्र पाइपाच्या बाराव्या हिश्श्याइतकं, म्हणून जेमतेम दहावा हिस्सा परत यायचा. तेवढ्यापुरतं भोक विसाहून किंचित लहान लागणार होतं. आणि व्यासातला लहानसा फरकही मोठा असतो. विसाच्या जागी बावीस केलं तर पाणी एकवीस टक्के वाढतं, कारण क्षेत्र व्यासाच्या वर्गानं वाढतं. सहा एकरांच्या ज्वारीला दोन मिलिमीटर काय करू शकतात ते यावरून कळावं. चकतीला बाहेर डोकावेल असा एक कान ठेवला, त्यावर पंच करून भोकाचा आकडा आणि पाण्याच्या दिशेचा बाण उमटवला. उलटी बसली तर वरून दिसणार नाही, म्हणून.

पुढची गोष्ट त्यांनी मला मुद्दाम दाखवली. ती त्यांना आधीच माहीत होती, परळीला एकाऐवजी अनेक चकत्या का असतात हे ते विसरले नव्हते. तरी त्यांनी ती एकच चकती बसवली, मोटार सुरू करायला सांगितली आणि मला टीजवळ वाकवून म्हणाले, "कान लाव." पाइपाच्या आत कुणी वाळू आणि खडी घोळवत असल्यासारखा आवाज येत होता. हात ठेवला तर बारीक झिणझिण्या. पाटात चार लिटर पाणी अगदी नेमकं पडत होतं.

भोकातून 20 मीटर वेगानं निघालेल्या पाण्याचा दाब त्या अरुंद जागी इतका उतरतो की थंड पाणीही तिथं उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. जरा पुढं दाब परत येताच ते बुडबुडे फुटतात, आणि फुटताना धातूचेही कण उडवतात. प्लॅस्टिकच्या पाइपाचं तर विचारायलाच नको. चकतीच्या पुढं चांगला दाब शिल्लक असेल तर असं होत नाही. आमच्या चकतीच्या पुढं होता उघडा पाट, दाब जवळपास काहीच नाही. अशा जागी 21 मीटर एकाच टप्प्यात मोडणं म्हणजे पाइपाचं आयुष्य खाणं.

"म्हणून दोन," चाचा म्हणाले. "आणि दोन्ही सारख्या नाहीत. पहिलीला जास्त मोडू दे, तिच्या पाठीशी दाब आहे. दुसरीच्या पाठीशी काही नाही, तिला थोडंच दे."

ती वाटणी मी केली. पहिलीत चौदा मीटर, दुसरीत सात. दाब आणि व्यास यांचं नातं चौथ्या मुळाचं; दाब तिसऱ्या हिश्श्यावर आणला तरी भोक विसाचं सव्वीसच होतं. पहिली बावीसची, दुसरी सव्वीसची. दोन्हींत काही फुटांचं अंतर ठेवलं, म्हणजे पहिलीतून सुटलेली धार दुसरीवर जाऊन आदळू नये. मोटार सुरू केली. चाचांनी पुन्हा कान लावायला सांगितलं. नुसता पाण्याचा सळसळ आवाज.

नंतर दोनशे लिटरचा ड्रम आणला. काकांच्या पाइपाच्या तोंडाला लावला, तो भरायला पन्नास सेकंद लागले. तोच ड्रम बैलगाडीवर घालून माथ्यावर नेला, आमच्या तोटीला तेहतीस-चौतीस सेकंद. घड्याळ काकांच्या हातात दिलेलं होतं, आमच्याकडच्या मोजणीलाही. हे चाचांनी ठरवून केलं. अँपिअरचा काटा अकरावर स्थिर. काकांनी ड्रमकडं आणि घड्याळाकडं पाहिलं, मग अण्णांना म्हणाले, "घरी चल, जेवून जा." एवढंच. वॉल त्या दिवसापासून दोन्हीकडं पूर्ण उघडे राहिले.

या उपायाची किंमत मी लपवणार नाही, चाचाही लपवत नसत. चकतीत मोडलेला दाब म्हणजे मोटारीनं विजेवर उभा केलेला दाब. सेकंदाला चार लिटर पाण्याचे 21 मीटर रोज पाण्यातच विरत होते; मोटार-पंपातली तूट धरली तर तासाला सव्वा युनिटहून जास्त. नवीन मांडणी करणाऱ्यानं दोन स्वतंत्र पंप घ्यावेत, किंवा पंपाचा पंखा कातून घ्यावा, किंवा मोटारीचा वेग बदलणारं यंत्र बसवावं. मी स्वतः कारखान्यांत आधी तेच सुचवतो आणि चकती शेवटी. पण तेव्हा आमच्या घरात दुसऱ्या पंपाचे पैसे नव्हते, दुसऱ्या विहिरीचं पाणी नव्हतं आणि दोन भाऊ बोलेनासे झाले होते. त्या परिस्थितीत तोच उपाय योग्य होता, असं मला आजही वाटतं. विजेची नासाडी सांगणाऱ्यानं जळालेल्या मोटारींचं तांबं आणि वाळलेली ज्वारीही त्याच हिशोबात धरावी.

चाचांनी मजुरी घेतली ती दोन दिवसांची, तीही दोन्ही घरांकडून निम्मी-निम्मी. निम्म्यावर ते हटून बसले. अण्णा सगळी द्यायला तयार होते, तर म्हणाले, मग काकाला वाटेल चकती तुझी आहे.

सुट्टीत मी दुकानातच बसू लागलो. शेवटच्या वर्षाची फी भरायची होती तेव्हा कापूस घरातच पडून होता, भाव नव्हता. चाचांनी गल्ल्यातून पैसे काढून दिले आणि वहीत काही लिहिलं नाही. नोकरी लागल्यावर मी ते परत करायला गेलो. त्यांनी घेतले, मोजले, आणि चाचींना हाक मारून म्हणाले, "पोरगा फिटला बरं का." मला वाटतं, ते पैसे त्यांनी घेतले म्हणूनच आमचं नातं बरोबरीचं राहिलं. उरलेलं ऋण पैशातलं नव्हतं, आणि ते फेडायची भाषा मी त्यांच्यापुढं कधी काढली नाही.

कारखान्यात मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते नेमकं बॉयलरच्या पंपाच्या परतीच्या नळीचं. चाचांनी तरुणपणी परळीला बसवलेली, तीच मांडणी. टप्पे पाडून चकत्या काढल्या आणि आकडे त्यांना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी कडेची धार कोण तपासणार एवढंच विचारलं. दुष्काळात, 2015 साली, पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले, ती बातमी वाचली तेव्हा ते हयात नव्हते. असते तर त्यांना फार लागलं असतं. कुठल्या पंपापाशी कोण उभं असायचं हे ते मला नावानिशी सांगायचे.

आमची विहीर आणि ती मांडणी अजून चालू आहे, बदल मात्र झाले. काकांच्या मुलानं चार एकरांत हळद लावली, ठिबकवर. ठिबकला तोंडाशी दहा मीटर दाब हवा, गाळणीत आणखी चार मीटर जातात. जो दाब आपण चकतीत मोडत होतो त्यातले चौदा मीटर आता ठिबकच्या कामाला आले. मोडायचे राहिले फक्त सात. म्हणजे बावीसची चकती काढायची आणि सव्वीसची तशीच ठेवायची. हा हिशोब मी गावी गेल्यावर चुलतभावाला दारात बसून समजावला, आणि बोल्ट खोलायला आला चाचांचा नातू. दुकान आता तो चालवतो. सव्वीसची चकती बाहेर काढून त्यानं कडेवरून नख फिरवलं. कड झिजली होती. परभणीला नवी करायला टाकली.

त्याचा गेल्या महिन्यात फोन आला. शिवारात एकानं सौर पंप घेतला आहे, दोन घरांत वाटून घ्यायचा आहे, खालचं शेत आणि वरचं शेत, चकती केवढी करू? मी त्याला सांगितलं की इथं चकती एकटी पुरणार नाही. तिचं भोक एका दाबाला बरोबर असतं. सौर पंपाचा दाब उन्हाबरोबर चढतो-उतरतो. दुपारी वाटणी जमेल, पण सकाळी आणि संध्याकाळी वरच्या शेताचा चढच पार होणार नाही आणि सगळं पाणी खाली जाईल. वर टाकी बांधून आधी सगळं पाणी तिथं चढवायचं आणि मग दोघांना उतारानं द्यायचं, किंवा ऊन पाहून वेळा वाटायच्या. कुठलं परवडेल ते त्या दोन घरांनी ठरवावं. "सकाळी आठला, बाराला आणि चारला दोन्ही तोंडांना ड्रम लाव," मी म्हटलं, "आणि घड्याळ खालच्या शेतवाल्याच्या हातात दे. आकडे मला पाठव, मग टाकीची उंची काढू."